झपाटलेला वाडा कोणाचा?

१९६९च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये ‘हॉन्टेड मॅन्शन’ हा भुतांचा वाडा लोकांसाठी खुला झाला, तेव्हा त्याचा चाहता म्हणावा असा माणूस जगात नव्हता. त्याच्यामागे सिनेमा नव्हता, कादंबरी नव्हती, दूरचित्रवाणीवरची मालिका नव्हती. वाड्याची पांढरी इमारत १९६३पासून दारे लावून उभी होती, म्हणून आत काय असेल याचे कुतूहल तेवढे लोकांना होते. आज त्याच वाड्याचे चाहते निवेदकाचे बोल त्याच्याबरोबर पुटपुटतात, आतल्या भिंतीवरच्या नक्षीचे कपडे घालून येतात आणि आत एखादी वस्तू हलवली तरी तिच्यावर तावातावाने बोलतात. यातला प्रत्येक जण कधीतरी पहिल्यांदा, काहीच ठाऊक नसताना, त्या दारातून आत गेला होता.

नवी राइड बांधायची म्हटले की थीम पार्कवाल्यांपुढे हटकून एक वाद उभा राहतो. ती जुन्या, जाणत्या चाहत्यांना खूश करणारी असावी, की आयुष्यात एकदा-दोनदा येणाऱ्या साध्या पाहुण्याला? हॉन्टेड मॅन्शनकडे पाहिले की मला वाटते, या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरली जाते ती चूक आहे. चाहता बाहेरून तयार होऊन फाटकाशी येतो, असे आपण धरून चालतो. चांगल्या राइडचा खरा चाहता आतच तयार होतो, आणि आत शिरताना तो नवखाच असतो.

हा वाडा बांधताना दोन कलावंतांत मोठा मतभेद होता. क्लॉड कोट्स हे सिनेमांची पार्श्वभूमी रंगवण्यात मुरलेले. त्यांना वाडा भयाण हवा होता. मार्क डेव्हिस हे पात्रे जिवंत करणारे ॲनिमेटर. त्यांना गमतीदार भुते हवी होती. निवाडा करणारे वॉल्ट डिस्ने डिसेंबर १९६६मध्ये वारले. शेवटी वाड्यात दोघांचेही चालले. पहिल्या भागात न संपणारे बोळ आणि आतून कोणी रेटल्यासारखी फुगणारी दारे. भूत मात्र दिसत नाही. मग मादाम लिओटा हिचे शिर काचेच्या गोळ्यातून मंत्र म्हणते, भुतांना बोलावते, आणि त्यानंतर भुतांची मेजवानी, नाच, स्मशानातली गाणी. या क्रमामुळे अगदी अनोळखी माणसालाही गोष्ट कळते: आधी चाहूल, मग आवाहन, मग दर्शन. कोणाला आधी काही वाचून यावे लागत नाही.

मेजवानीच्या दिवाणखान्यातली आरपार दिसणारी भुते ही १८६०च्या दशकात लंडनच्या रंगमंचावर गाजलेली युक्ती आहे. मोठ्या काचेत, प्रेक्षकाला न दिसणाऱ्या जागी ठेवलेल्या, प्रकाशात न्हालेल्या आकृत्यांचे प्रतिबिंब पाडायचे. काच दिसत नाही, प्रतिबिंब मात्र समोरच्या खऱ्या खुर्च्या-टेबलांत मिसळून जाते. जॉन हेन्री पेपर यांच्या नावाने ही युक्ती ओळखली जाते. शिवाय इथली बसायची गाडी साखळीसारखी अखंड चालते आणि हवी तिथे वळते, म्हणजे दिग्दर्शकाने दाखवायचे ठरवले तेच आपल्याला दिसते. गाडी थांबत नसल्याने तासाला दोन हजारांहून अधिक माणसे आत जाऊन येतात. हा आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. एवढ्या माणसांत जाणते चाहते नेहमीच मूठभर असणार; बाकी सगळे, लहान मुलांना कडेवर घेऊन, उन्हातून आलेले, भूक लागलेले लोक.

साधा पाहुणा म्हणजे कोण, हेही सगळीकडे सारखे नसते. अनाहाइमच्या डिस्नेलँडला लॉस एंजेलिस आणि आसपासचे लोक वार्षिक पास काढून वारंवार येतात. कामावरून सुटून संध्याकाळी एक राइड करून घरी जाणारेही त्यांत असतात. फ्लोरिडातल्या मॅजिक किंगडमला मात्र दूरदूरचे लोक काही वर्षे पैसे साठवून, विमानाने, आठवडाभरासाठी येतात. म्हणून २००१पासून अनाहाइमचा भुतांचा वाडा दर शरद ऋतूत ‘द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस’च्या पात्रांनी सजवतात. नेहमीच्या माणसाला तेवढाच बदल. फ्लोरिडातला असाच दुसरा वाडा मात्र बारा महिने मूळ रूपातच ठेवतात, कारण तिथे आलेल्या कुटुंबाला मूळ वाडा पाहण्याची दुसरी संधी कदाचित मिळणारच नाही. एकाच कंपनीने, एकाच राइडबाबत, दोन ठिकाणी दोन निर्णय घेतले आणि माझ्या मते दोन्ही बरोबर आहेत.

या दुसऱ्या प्रकारच्या पाहुण्यांत आपली माणसेही पुष्कळ असतात. मुलगा किंवा लेक अमेरिकेत नोकरीला, आई-वडील काही महिन्यांसाठी भारतातून आलेले, आणि सुट्टी पाहून सगळे डिस्नेलँडला किंवा ऑर्लँडोला निघालेले. नातवाला प्रत्येक पात्राची वंशावळ पाठ. आजीने त्यातला एकही सिनेमा पाहिलेला नाही. तिकीट दोघांचेही शंभर डॉलरांच्या वर. त्या आजीला राइडमधून उतरताना ‘काय झाले ते?’ असे विचारावे लागले, तर ती राइड बांधणाऱ्याची उणीव आहे.

‘स्टार वॉर्स : गॅलक्सीज एज’ची गोष्ट इथे सविस्तर सांगायला हवी, कारण तिच्यात या वादाच्या सगळ्या बाजू आहेत. मे २०१९मध्ये अनाहाइमला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फ्लोरिडाला, प्रत्येकी सुमारे १४ एकरांत, डिस्नेने बाटू नावाच्या काल्पनिक ग्रहावरचे एक अख्खे गाव उभारले. सिनेमात हा ग्रह कधी दिसला नव्हता. गावाचा काळ तेव्हाच्या नव्या सिनेमांच्या मधला ठरवला, म्हणून ल्यूक स्कायवॉकर नाही, डार्थ व्हेडर नाही, हान सोलो नाही. पाट्या सिनेमातल्या परग्रहाच्या लिपीत. वाचायच्या तर फोनवरचे ॲप उघडायचे. दुकानातले कर्मचारी दिवसा ‘ब्राइट सन्स’ म्हणून स्वागत करत, स्वच्छतागृहाला ‘रिफ्रेशर’ म्हणत. जॉन विल्यम्स यांनी या जागेसाठी नवे संगीत रचले, त्याला ग्रॅमीही मिळाले. पण ज्या धूनवरून जग स्टार वॉर्स ओळखते ती धून गावात फिरताना कानावर पडत नसे.

हा सगळा विचार अतिशय प्रामाणिकपणे केलेला होता. आपण सिनेमा बघत नाही, त्या जगात राहतो आहोत, असे वाटावे ही त्यामागची तळमळ होती, आणि बांधकाम तर डोळ्यांचे पारणे फेडणारे आहे. पण तो कोणासाठी केला? नवख्या पाहुण्याला पाटी वाचता येईना आणि त्याला ओळखीचा एकमेव माणूस, काळ्या शिरस्त्राणाचा व्हेडर, कुठे दिसेना. जुन्या चाहत्याला पाट्या वाचायला मजा आली, पण लहानपणापासून ज्यांच्यावर प्रेम केले ते ल्यूक आणि लेया नाहीत म्हणून तोही खट्टू. चाहत्यांच्या ज्ञानाला खुराक मिळाला, त्यांच्या प्रेमाला मिळाला नाही. त्या उन्हाळ्यात डिस्नेच्या अमेरिकेतल्या पार्कांची उपस्थिती वाढण्याऐवजी थोडी घटलीच. त्याला इतरही कारणे होती: पासधारकांवर ठरावीक दिवसांची बंदी होती, गर्दीच्या धास्तीने लोक थांबले होते, आणि दोनपैकी एकच राइड तयार होती.

ती पहिली राइड म्हणजे ‘स्मगलर्स रन’. सिनेमातल्या प्रसिद्ध मिलेनियम फाल्कन यानात सहा जण बसतात: दोघे चालक, दोघे तोफा डागणारे, दोघे यंत्रे सांभाळणारे. चालकाच्या जागी बसलेल्या चाहत्याला स्वर्ग दोन बोटे उरतो. मागच्या रांगेतल्याला मात्र समोरच्या खिडकीवरची नजर काढून बाजूच्या भिंतीवरची पेटलेली बटणे दाबत बसावे लागते. तिथे आपली आजी बसली असेल तर तिच्या वाट्याला प्रवास येत नाही, काम येते.

याउलट डिसेंबर २०१९मध्ये सुरू झालेली ‘राइज ऑफ द रेझिस्टन्स’. तुम्ही एका यानात चढता, यान हादरते, शत्रू त्याला पकडतो, आणि ज्या दारातून चढलात तेच दार उघडते तेव्हा बाहेर एक प्रचंड तळ असतो. पांढऱ्या चिलखतातल्या सैनिकांच्या रांगा, पलीकडे तारे. तुम्ही कैदी आहात. आता सुटायचे आहे. पकडले जाणे आणि निसटणे समजायला कोणता सिनेमा पाहावा लागतो? म्हणून ही राइड चाहत्यांनाही प्रिय आहे आणि परक्यालाही. एकाच गावात, एकाच मंडळींनी बांधलेल्या दोन राइडमधला हा फरक मला फार बोलका वाटतो.

बाटूवरचा काळ पुढे बदलावा लागला. आधी मँडलोरियन आणि त्याचे हिरवे बाळ आले. मग २०२५च्या अखेरीस डिस्नेने जाहीर केले की अनाहाइमच्या गावात २०२६पासून ल्यूक, लेया, हान सोलो आणि डार्थ व्हेडर भेटतील, आणि ती जुनी धूनही वाजेल.

फक्त कट्टर चाहत्यांवर विसंबून काय होते हे ‘गॅलॅक्टिक स्टारक्रूझर’ने दाखवले. फ्लोरिडात मार्च २०२२मध्ये उघडलेले, शंभर खोल्यांचे, दोन रात्रींचे हे नाट्यमय हॉटेल. दोघांना सुमारे ४,८०० डॉलर. तिथे जाऊन आलेले काही जण त्याला आयुष्यातला सर्वांत सुंदर अनुभव म्हणतात, आणि मला त्यांच्यावर अविश्वास दाखवावासा वाटत नाही. पण एवढा खर्च करणारे, वेश करून दोन दिवस पात्र म्हणून वावरणारे लोक मोजकेच. ते येऊन गेले आणि खोल्या रिकाम्या राहू लागल्या. सप्टेंबर २०२३च्या अखेरीस ते बंद झाले. तिथे नव्याने चाहता होण्याची वाटच ठेवलेली नव्हती.

हॅरी पॉटरचे उदाहरण लोक नेहमी चाहत्यांच्या बाजूने देतात. जून २०१०मध्ये ऑर्लँडोच्या युनिव्हर्सलमध्ये हॉग्समीड गाव आणि हॉगवर्ट्सचा किल्ला उभा राहिला. लेखिका जे. के. रोलिंग यांनी बारीकसारीक गोष्टींत लक्ष घातले. सिनेमांचे कलादिग्दर्शक स्टुअर्ट क्रेग यांनी रचना पाहिली. बटरबिअर काय चवीचे असावे इथपर्यंत काथ्याकूट झाला, आणि नेहमीची शीतपेये त्या गावात विकायची नाहीत असे ठरले. उद्योगातल्या अंदाजांनुसार त्या पार्कची वार्षिक उपस्थिती २००९मध्ये ४६ लाखांच्या आसपास होती, ती २०११मध्ये ७६ लाखांवर गेली.

पण हे यश नीट उलगडून पाहावे. कांडीच्या दुकानात गटातल्या एका मुलाला पुढे बोलावतात, चुकीची कांडी हातात दिली की खोके खाली पडतात, बरोबर कांडी मिळाली की प्रकाश पडतो. पुस्तक न वाचलेल्याला यात काय कळत नाही? २०१४च्या डायगॉन ॲलीत बँकेच्या छपरावरचा ड्रॅगन खरी आग ओकतो. त्याचे नाव-गाव माहीत नसलेले मूलही वर बघत उभे राहते. चाहत्यांसाठीच्या गोष्टी आडबाजूला आहेत. लंडनच्या दर्शनी भागातल्या लाल टेलिफोन बूथमध्ये ६२४४२ हा आकडा फिरवला की जादू मंत्रालयाचा आवाज ऐकू येतो. एका घराच्या वरच्या खिडकीतून क्रीचर हा घरगडी पडद्याआडून डोकावतो. ज्याला माहीत नाही तो त्याखालून निघून जातो आणि त्याचे काही बिघडत नाही. जाणकाराच्या वाट्याचे असे ठेवावे की ते न दिसल्याने कोणाची गोष्ट अर्धवट राहणार नाही.

आणि आधीचे चाहते नसताना काय होते? पॅन्डोरा पाहा. ‘अवतार’ हा सिनेमा २००९चा. त्याच्यावर अख्खा विभाग बांधणार, असे डिस्नेने २०११मध्ये सांगितले तेव्हा पार्कप्रेमींनी नाके मुरडली; त्यातल्या पात्रांची नावे तरी कोणाला आठवतात, असा त्यांचा सवाल होता. मे २०१७मध्ये तो फ्लोरिडातल्या ॲनिमल किंगडममध्ये उघडला. जो रोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिनेमातल्या घटनांचा आधारच घेतला नाही. त्यांनी सिनेमातल्या पॅन्डोरा या जगाचा निसर्ग घेतला. ‘फ्लाइट ऑफ पॅसेज’मध्ये दुचाकीसारख्या आसनावर बसायचे, आणि उडण्यापूर्वी मांड्यांखाली, ज्याच्यावर बसून उडायचे त्या पंखवाल्या प्राण्याचा श्वास फुगता-ओसरताना जाणवतो. सगळी जादू त्या श्वासात आहे. पहिल्या दिवसापासून तिथे तासन्‌तास रांगा लागल्या.

स्प्लॅश माउंटनचेही तसेच. १९८९मध्ये डिस्नेलँडला आलेली ही ओंडक्याची राइड ज्या १९४६च्या सिनेमावर बेतली होती, तो वर्णद्वेषी चित्रणामुळे अमेरिकेत घरी पाहण्यासाठी कधी विक्रीलाच आला नाही. म्हणजे राइडच्या बहुतेक चाहत्यांनी तो पाहिलाच नव्हता. त्यांचे प्रेम पाण्यावर, शेवटच्या कोसळण्यावर आणि गाण्यांवर. २०२४मध्ये तिथे डिस्नेची राजकन्या टियाना आली. पाण्याची वाट आणि तो कडा तसाच ठेवला. हा बदल करायलाच हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडेही हा फरक दिसतो: खोपोलीजवळच्या इमॅजिकात ‘मिस्टर इंडिया’ची राइड आहे, तिला मोगॅम्बोच्या ओळखीचा आधार मिळतो, तिथलीच राजासोरसची जलसफर मात्र नर्मदेच्या खोऱ्यात जीवाश्म सापडलेल्या डायनासोरवर उभी आहे, आणि त्याला कोणी आधीपासून ओळखत असण्याची गरज पडत नाही.

तरीही चाहत्यांचे ऐकूच नये, असे मी म्हणणार नाही. ते कुठे चुकतात आणि कुठे अचूक असतात, हे पाहायला हवे. १९९८मध्ये फ्लोरिडातली ‘मिस्टर टोड’ची राइड जाणार म्हटल्यावर चाहत्यांनी हिरवे टी-शर्ट घालून पार्कात शांतपणे निदर्शने केली. राइड गेलीच, तिच्या जागी विनी द पू आला, आणि लहान मुलांनी त्याला आपले म्हटले. चाहत्यांचे दुःख खरे होते, पण त्या जागेवर पुढच्या मुलांचाही हक्क होता.

फ्लोरिडातल्या एपकॉट पार्कमधल्या फिगमेंटचे उलट झाले. १९८३मध्ये सुरू झालेल्या कल्पनाशक्तीवरच्या राइडमधला हा जांभळा, इवलासा ड्रॅगन. कुठल्याही सिनेमातून आलेला नाही, राइडसाठीच जन्मलेला. १९९९मध्ये राइड बदलून त्याला जवळपास हाकलून दिले. तक्रारी आल्या, आणि २००१मध्ये ती नवी राइडही बंद करावी लागली. २००२मध्ये फिगमेंट परतला. पण परतला तो फक्त चेहरा. मूळ राइडमधली सावकाश उलगडणारी, पाहणाऱ्याला सोबत घेऊन जाणारी गोष्ट परतली नाही, आणि म्हणून आजची राइड कोणाचेच फारसे समाधान करत नाही. लोकांनी तक्रार केली ती नाव घेऊन. हवी होती ती गोष्ट. कंपनीने नाव परत दिले.

नाटकाचा विसावा प्रयोग पाहणारा रसिक जसा एका वगळलेल्या वाक्यालाही अडखळतो, तसा जुना चाहता राइडमधला क्रम जाणतो. भुतांच्या वाड्यातच पाहा. १९६९मध्ये तिथे टोपीच्या खोक्याचे भूत होते: मानेवरचे शिर नाहीसे होऊन हातातल्या खोक्यात उमटायचे. युक्ती जमली नाही, थोड्याच दिवसांत ते काढले. चाहत्यांनी त्याची आठवण दशकानुदशके जपली, आणि मे २०१५मध्ये ते सुधारून अनाहाइमच्या वाड्यात परत आले. नवख्याला ते एक जबरदस्त भूत दिसते, इतकेच. चाहत्याचा मात्र कंठ दाटून येतो. याहून चांगली तडजोड मला माहीत नाही. पण २०२३मध्ये फ्लोरिडाच्या वाड्यात हेच भूत न संपणाऱ्या बोळाजवळ बसवले, तेव्हा चाहत्यांनी आक्षेप घेतला. मादाम लिओटाने बोलावण्याआधीच भूत दिसले तर चाहूल, आवाहन, दर्शन हा क्रम मोडतो. त्यांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. आणि गंमत अशी की हा क्रम चाहत्यांपेक्षाही नवख्याला अधिक उपयोगी. फक्त तो मोडला हे नवख्याला सांगता येत नाही. त्याला राइड किंचित फिकी वाटते आणि तो पुढे जातो.

म्हणून मला वाटते, कशावर राइड बांधायची हे चाहत्यांना विचारू नये. बांधलेली राइड नीट चालते आहे का, हे मात्र त्यांनाच विचारावे. एखाद्या बाहुल्याचा हात हलायचा थांबला, एखादा पडदा मळला, रांगेतला पंखा बंद पडला, हे आधी त्यांच्याच लक्षात येते. पहिल्यांदा आलेल्याला हात हलायला हवा होता हेच ठाऊक नसते.

सध्या हा वाद मॅजिक किंगडममध्ये एका नदीवरून पेटलेला आहे. टॉम सॉयर बेटाभोवतीची ‘रिव्हर्स ऑफ अमेरिका’ आणि तिच्यावरची लिबर्टी बेल बोट जुलै २०२५मध्ये बंद झाली. तिथे ‘कार्स’ सिनेमावर आधारित विभाग होणार आहे. आकडे कंपनीच्या बाजूने आहेत: बोटीत थोडेच लोक बसत, बेटावर त्याहून थोडे जात. पण नदी केवळ बसणाऱ्यांसाठी नव्हती. गर्दीतून बाहेर पडल्यावर नजरेला मोकळे पाणी मिळे, मुले बेटावर रांगेशिवाय पळत, काठावर सावली होती. हे कुठल्याही तासागणिक मोजणीत येत नाही, आणि पहिल्यांदा येणाऱ्या कुटुंबाला ते हरवल्याचे कधी कळणारही नाही. त्यांना फक्त दुपार जरा जास्त थकवणारी वाटेल. नव्या विभागाच्या चित्रांत डोंगर आहेत, झाडे आहेत, गरम पाण्याचे उसळते झरे आहेत. बांधणाऱ्यांनी आता निदान त्या नदीच्या चाहत्यांना बोलावून घ्यावे. मोटारींबद्दल त्यांना काही विचारू नये. ऑगस्टच्या दुपारी दोन वाजता, फ्लोरिडाच्या उन्हात, झोपेला आलेले मूल घेऊन तुम्ही कोणत्या बाकावर बसत होता, एवढे विचारावे आणि ते बाक आराखड्यात आधी आखावे.